जेवणाआधीचे उपकार

सहा एकर कांद्याच्या लागणीचं बोलणं सयाजीने बांधावर उभ्याउभ्याच उरकलं. वाफे कधी भिजवायचे, रोप कुणी उपटायचं, गाडी कुठून निघायची, सगळं ठरलं. मग त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि सुवार्ताच्या डोक्यावरून पलीकडच्या उसाकडे बघत म्हणाला, "आन् आणखी एक व्हतं मॅडम. त्ये जेवायच्या टायमाचं तेवढं नको."

"कोणतं?"

"तुमच्या आईचं व्हतं ना. समद्यांनी डबं पुढं घिऊन बसायचं आन् त्यांनी डोळं झाकून म्हणायचं. मला सोताला त्याचं काय न्हाई बरं का. लई भली बाई व्हती. पण गेल्या साली कुणीतरी शूटिंग काढून ग्रुपवर टाकलं, सयाजीच्या रानात काय चाललंय बघा म्हणून. महिनाभर ओतूरच्या बाजारात लोकं मला इचारत व्हती, काय राव, पाण्यात बुडी मारून किरिस्ताव कवा व्हताय? आता सोसायटीचं इलेक्शन तोंडावर आलंय. उगं इषय नको."

"मी प्रार्थना करत नाही," सुवार्ता म्हणाली.

"न्हाई म्हंजी?"

"करतच नाही. आईची होती ती. माझी नाही."

"मग मिटलंच की!" सयाजीचा चेहरा मोकळा झाला. त्याने तिथल्या तिथे पिकअपवाल्याला फोन लावला.

चिमाबाई शेजारीच कमरेवर हात देऊन उभी होती. तिने मशेरी थुंकली आणि ती रस्त्याला लागली.

टोळी सुवार्ताच्या आईची, रिबकाबाईची. बावीस वर्षं तिने ती चालवली. पावसाळ्यात टोमॅटोची तोडणी, थंडीत कांद्याची लागण, उन्हाळा लागला की काढणी. बारा बायकांत रिबकाबाई आणि तिची चुलतबहीण अंजना, दोघीच ख्रिस्ती. बाकीच्या दहा जणी आपापल्या देवाच्या. पण दुपारी भाकरीचं फडकं सोडलं की कुणी घास मोडत नसे. रिबकाबाई डोक्यावर पदर घ्यायची, चिखलाचे हात मांडीवर उलटे ठेवायची आणि पुटपुटल्यासारखी सुरुवात करायची. तिची प्रार्थना म्हणजे शिवाराची यादीच. विहिरीला पाणी ठेवलंस, तुझे उपकार. मोटर जळाली नाही, तुझे उपकार. वाघरू काल दिसलं पण वाटेनं निघून गेलं, तुझे उपकार. मग एकेका बाईचं नाव. अंजनाचा खोकला हटवलास, तुझे उपकार. चिमाबाईच्या मेंढीला जुळं झालं, तुझे उपकार. एकदा तिने प्राचीला दिवस गेल्याचे उपकार मानले आणि प्राची डोळे झाकलेलेच ठेवून किंचाळली होती, "अगं मावशे, देवाला सांगायच्या आधी माझ्या सासूला तरी कळू दे!"

मागच्या श्रावणात टोमॅटो तोडून येताना पिकअप ओढ्याच्या वळणावर कलंडली. मागे बारा बायका होत्या. केबिनला टेकायची जागा रिबकाबाईची, कायमची. त्या दिवशी चिमाबाईचा गुडघा दुखत होता म्हणून तिने ती चिमाबाईला दिली आणि स्वतः अगदी मागे, फाळक्यापाशी बसली. कुणाचा हात मोडला, कुणाला टाके पडले. रिबकाबाई गेली.

सुवार्ता तेव्हा मंचरच्या एका शाळेचं वाचनालय सांभाळत होती. ती मातीला आली आणि राहिली. बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, घरात दुसरं कुणी नाही. शाळेने दोन महिने वाट बघितली, मग दुसरी बाई घेतली. टोळीही विस्कटायला लागली होती. दिवाळीनंतर चिमाबाई दारात येऊन म्हणाली, "तुझ्या आईचा फोन तुझ्याकडं हाय. समद्या शेतकऱ्यांचं नंबर त्याच्यात हायेत. तू बोल, आमी राबतो." सुवार्ता म्हणाली, "मी नुसती बोलायला येणार नाही. मलाही राबायला शिकवा."

लागण शिकायला तिला आठ दिवस लागले. घोटाभर चिखलात ओणवं व्हायचं, डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक काडी मातीत दाबायची. चार बोटं सोडून दुसरी. पहिल्या दिवशी अंगठ्याचं नख मऊ पडलं, तिसऱ्या दिवशी हुळहुळायला लागलं. प्राचीने तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बोटाला गुंडाळून दिली. कमरेचं मात्र कुणी काही करू शकत नव्हतं. "कंबर म्हंजी काय बिजागरी हाय," चिमाबाई म्हणायची. "गंजली की वरडती. रोज हलवली की गप ऱ्हाती."

सयाजीचं बोलणं झालं त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा बाप, शांतवन, चर्चची घंटा वाजवून नुकताच परतला होता. चाळीस वर्षं तो ती घंटा वाजवत होता. आता दिसत नसलं तरी दोर बरोबर हाताला लागायचा. तिने भाकरी थापल्या, वांग्याचं कालवण केलं. ताटं वाढली. शांतवनने हात जोडले आणि डोळे मिटले.

सुवार्ताने मिटले नाहीत. ऑगस्टपासून मिटले नव्हते.

आई गेल्यावर आठव्या दिवशी अंजनामावशीने तिच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. आपण वाचलो म्हणून. आदल्या दिवशी ती सतरंजी मागायला आली, कारण चर्चच्या मंडळीची मोठी सतरंजी रिबकाबाईकडेच असायची. सुवार्ताने ती स्वतः डोक्यावरून नेली, स्वतः अंथरली आणि तिच्याच एका टोकाला बसली. पाळकसाहेब उभे राहून म्हणाले, प्रभू, बारांमधून अकरा सुखरूप ठेवल्यास, आम्ही तुझे उपकार मानतो. सगळ्यांनी आमेन म्हटलं. तेव्हा सुवार्ताने डोळे उघडले. समोर अंजनामावशी होती, कपाळावर टाके, गालांवरून पाणी वाहतंय आणि ओठ हलतायत. सुवार्ताने एकेकीचं तोंड बघून घेतलं. मग ती चहाचे कप गोळा करायला उठली.

शांतवनचं आमेन झालं. त्याने भाकरी चाचपली, मोडली.

"सयाजी काय म्हणाला?"

तिने सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी करत नाही म्हटलं. खरंच आहे ते."

शांतवन बराच वेळ चावत राहिला. त्याला दात कमी होते.

"खरं आहे," तो म्हणाला. "पण पोरी, तुझं आणि देवाचं भांडण घरातलं होतं. ते तू सयाजीला कशाला सांगितलंस?"

सुवार्ताच्या हातातला घास हातातच राहिला. मग तिने तो खाल्ला, कारण उद्या राबायचं होतं.

पहिले दोन दिवस काम चांगलं झालं. सकाळी दव इतकं पडायचं की रोप उपटताना हात बधिर व्हायचे. उपटलेल्या जुड्यांचे शेंडे छाटायचे, मुळं औषधाच्या पाण्यात बुडवायची, पाट्या भरून वाफ्यांच्या कडेला ठेवायच्या. दहाला ऊन अंगात मुरायला लागलं की बायकांच्या जिभा सुटायच्या. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या गोठ्यामागे बिबट्याची पावलं उमटली. दुपारी साऱ्या जणी आंब्याखाली बसायच्या, फडकी सोडायच्या. आणि थांबायच्या.

कुणी कुणाकडे बघायचं नाही. सवय होती, दुसरं काही नाही. बावीस वर्षं जिथे कुणीतरी बोलायचं तिथे कुणी बोलत नव्हतं. मग सुवार्ता पहिला घास मोडायची आणि सगळ्या घाईघाईने खायला लागायच्या.

"कसं जनावरावानी वाटतंय," दुसऱ्या दिवशी चिमाबाई म्हणाली. "दावणीला आलं, तोंड घातलं."

"गप बसा आत्याबाई," अंजना म्हणाली. "काम मिळालंय त्ये बघा. देव मनातलं ओळखतो. मनातल्या मनात म्हणावं."

"तू म्हणतीस मनातल्या मनात?"

"म्हणते की."

"माझं नाव घेतीस त्याच्यात?"

अंजना गोंधळली. "तुमचं... सगळ्यांचंच घेते."

"सगळ्यांचंच म्हंजी कुणाचंच न्हाई," चिमाबाई म्हणाली आणि मिरचीचा ठेचा भाकरीवर ओढला. "रिबका नाव घ्यायची. मला इठ्ठलाच्या देवळातबी कुणी नावानं हाक मारत न्हाई. पर रिबका रोज माझं नाव वर कळवायची. आता वर कुणाला ठावं, चिमा जिती हाय का मेली?"

बायका हसल्या. सुवार्ता हसली नाही. ताट पुसून ती वाफ्याकडे गेली. तिला वाटलं, आईने तुझं नाव वर कळवलं आणि तुला जागाही दिली. चिमाबाईलाही ते ठाऊक होतं. पिकअपमध्ये ती आता केबिनपाशी कधीच बसत नसे. गुडघा कितीही दुखला तरी फाळक्यापाशी बसायची, कठड्याला धरून.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर सयाजीकडे पाहुणा आला. अवसरीचा सावळाराम, त्याचा मेहुणा. बटाट्याची शेती, पांढरीशुभ्र बंडी. दोघं बांधावर उभे राहून लागण बघत होते. सुवार्ता बांधाला लागूनच्या वाफ्यात ओणवी होती. तिचं तोंड मातीकडे, डोक्याला स्कार्फ, अंगात बापाचा जुना शर्ट. बारा पाठींतली एक पाठ. सयाजीला ती ओळखू आली नसावी, किंवा आली तरी त्याचं काही वाटलं नसावं.

"हीच ना ती टोळी? व्हिडिओवाली?" सावळाराम म्हणाला.

"हीच. पर आता बंद केलं म्या त्ये."

"ऐकलं?"

"न ऐकून कुणाला सांगती? एका शब्दात. म्हातारी व्हती तवर व्हतं, म्हातारीसंगं गेलं. पोरगी शिकलेली हाय, तिला काय पडलेलं न्हाई त्याचं. उलटं मलाच म्हणती, मी न्हाईच करत."

"बेस केलंस. एकदा पायंडा पडला की..."

"पायंडाच मोडला."

दोघं हसत विहिरीकडे निघून गेले. सुवार्ताचा अंगठा मातीत रुतलेला होता. तिने तो काढला नाही. काडी केव्हाच लागली होती. ती दाबतच राहिली आणि काडी मोडली.

तिला राग सयाजीचा आला नव्हता. तो जे म्हणाला त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पाच महिने ती देवाशी बोलत नव्हती. उठता-बसता, चुलीपुढे, आईची लुगडी उन्हात घालताना, दात आवळून ती बोलत नव्हती, आणि ते न बोलणं हीच एक गोष्ट तिची स्वतःची होती. त्याच्यावर ती उभी होती. तेच सयाजीने उचललं आणि पाहुण्याला दाखवलं. आईची बावीस वर्षं एका शब्दात मोडली म्हणून दाखवलं. आणि तो शब्द तिनेच पुरवला होता.

"काय गं, थांबलीस?" शेजारच्या वाफ्यातून प्राची म्हणाली. "कंबर धरली का?"

"नाही," ती म्हणाली आणि दुसरी काडी घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी बायका आंब्याखाली बसल्या, फडकी सोडली, थांबल्या. सुवार्ताने हात धुतले नव्हते. तिने डोक्याचा स्कार्फ घट्ट केला आणि गुडघ्यांवर बसली.

अंजनाने तिचा शर्ट ओढला. "सुवार्ते, नको गं. आठ दिवसांचं काम आहे अजून. बायांच्या पोटावर पाय येईल."

सुवार्ता थांबली. ते खरं होतं. तिने सगळ्यांकडे बघितलं. "मावशी म्हणते ते खरं आहे. काम जाऊ शकतं. कुणाला नको असेल तर आत्ता सांगा. मी लांब जाऊन बसेन."

कुणी उठलं नाही. प्राची भाकरीची कड कुरतडत होती, ती थांबली. चिमाबाई म्हणाली, "आमी काय कुठं पळून चाललो न्हाई. सुरू कर. कालवणावर माशा बसाय लागल्या."

सुवार्ताला पहिला शब्द सापडेना. डोळे मिटले तर ओढ्याचं वळण दिसेल म्हणून तिने ते उघडेच ठेवले. समोरच्या विहिरीकडे बघत ती हळू म्हणाली, "हौशीरामबाबांनी खणलेल्या विहिरीला पाणी आहे. तुझे उपकार. दव पडतंय, रोप तजेलदार आहे. तुझे उपकार. अंजनामावशीचे टाके भरून आले." ती अडकली. अंजना तिच्याकडे बघत होती. "तुझे उपकार," ती म्हणाली. "प्राचीचं बाळ आता कुशीवर वळतं. तुझे उपकार. चिमाबाई जिवंत आहे. तुझे उपकार." अशी अकरा नावं झाली. आई इथे थांबायची आणि येशूच्या नावात म्हणायची. सुवार्ता थांबली नाही. "आणि जे तू घेतलंस, त्याचे उपकार मी मानणार नाही. त्याचा विषय माझ्यापुढे काढू नकोस. भाकरीपुरतं बोलतेय. आमेन."

"आमेन," अंजना म्हणाली.

जेवणं अर्धी झाली तेव्हा सयाजी आला; पाणी देणाऱ्या गड्याने ऐकून त्याला सांगितलं होतं. मोटरच्या खोलीपासून तो भराभरा चालत आला होता आणि त्याच्या चपलांना चिखलाचे गोळे लागले होते.

"मॅडम, काय ठरलं व्हतं आपलं?"

"मी प्रार्थना करत नाही असं ठरलं होतं," सुवार्ता म्हणाली. ती उठली नाही. "आता करते."

"आन् माझ्या बापाचं नाव कशाला घेतलं त्याच्यात?"

"विहीर कुणी खणली?"

सयाजीची नजर विहिरीकडे गेली. "त्ये मला शिकवू नका. माझं रान हाय. माझ्या रानात काय व्हावं आन् काय नाय, म्या ठरवणार."

"रान तुमचं. तोंड आमचं."

"मग उद्यापास्नं येऊ नका!"

"बरं. पण आज अठरा पाट्या रोप उपटून पडलंय," सुवार्ता म्हणाली. "ते उद्यापर्यंत मान टाकेल. रोपाचा काही दोष नाही. तेवढं लावून जातो."

सयाजीने चपलेचा चिखल दगडावर घासला. चिमाबाईने ठेच्याचा डबा त्याच्यापुढे धरला. "घे. तिकट हाय. खाऊन बघ, राग उतरतो." तो पाठ फिरवून गेला.

ती दुपार लांबली. पोटात जेवण होतं आणि पाठीवर ऊन. अंजना सरकत सरकत सुवार्ताच्या शेजारच्या वाफ्यात आली. दोघी सोबतीने ओणव्या होत मागे सरत होत्या.

"त्या दिवशीचं तू मनात धरलंयस," अंजना मातीकडे बघत म्हणाली. "उपकारस्तुतीचं."

सुवार्ता काडी दाबत राहिली.

"मी काय करायचं होतं, सांग. वाचले म्हणून गप बसायचं होतं? मी गाडीखालून निघाले तेव्हा तुझ्या आईचा हात माझ्या हातात होता. तो गरम होता. मग नव्हता. आठ दिवस मला झोप नाही. कुणाला तरी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. मला तेवढंच म्हणता येतं."

"सतरंजी मागायला दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतंस," सुवार्ता म्हणाली.

अंजनाने कपाळ मनगटाने पुसलं. टाक्यांच्या खुणेवर चिखल लागला. "हां," ती म्हणाली. "ते चुकलंच."

सूर्य बुडायच्या आत शेवटची पाटी रिकामी झाली. बायकांनी पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले. सयाजी पिकअपपाशी उभा होता.

"उद्या आम्ही नेहमीसारख्या फाट्यावर उभ्या राहू," सुवार्ता त्याला म्हणाली. "सातपर्यंत. आलात तर जेवायच्या वेळेला हेच होईल. नाही आलात तर आम्ही घोडेगावकडे काम बघू. मागून बोलणं नको."

सकाळी फाट्यावर धुकं होतं. सुवार्ताला वाटलं होतं निम्म्या तरी येणार नाहीत. नऊ जणी वेळेवर आल्या, प्राची धापा टाकत दहावी. अकरावी चिमाबाई, ती उशिरा आली आणि आल्याबरोबर म्हणाली, "गुडघ्याला तेल चोळत व्हते. पळून गेले न्हवते." साडेसहाला फोन वाजला. सयाजी. सुवार्ताने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मधला रस्ता काढू मॅडम. काम करा. पर जेवायला कॅनॉलच्या रोडला बसा. तिथं काय बी करा, माझं काय म्हणणं न्हाई."

"लांब आहे?" प्राचीने विचारलं.

"अर्धा मैल. आणि सावली नाही," सुवार्ता म्हणाली.

तिने बायकांकडे बघितलं. अंजनाने, गप बसा म्हणणाऱ्या अंजनाने, मान हलवली. आडवी.

"सयाजीभाऊ," सुवार्ता फोनमध्ये म्हणाली, "जिथं राबतो तिथं जेवणार. आंब्याखाली."

फोन बंद झाला.

सात वाजले. घोडेगावची एसटी सव्वासातला होती. बायका शाली लपेटून उभ्या राहिल्या. प्राची एसटीच्या वाटेकडे बघत होती. सुवार्ता मनात हिशेब करत होती, आठ दिवसांचं बुडलेलं काम कुणाकुणाच्या घरात जाऊन बसेल. जा, माफी माग, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. कुणी म्हणालं नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी धुक्यातून पिकअप आली. सयाजी स्वतः चालवत होता. खाली उतरून त्याने फाळका आपटून पाडला.

"रोप पंचावन्न दिसांचं झालंय, आणखी थांबत न्हाई," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "वाफं भिजवायला दिवसाची लाईट आजच हाय. दुसरी टोळी सोमवारपातूर मिळंना. बसा."

बायका चढल्या. सुवार्ता फाळक्यापाशी बसायला निघाली. चिमाबाईने तिला खांद्याला धरून आत ढकललं. "तिकडं, केबिनला टेक. हितं माझी जागा हाय."

सकाळभर सयाजी दिसला नाही. साडेबाराला बायका हात धुवायला पाटावर गेल्या, तेव्हा शेजारच्या तुकड्यात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. त्या तुकड्यातला ऊस कधीच तुटून गेला होता, पाचट पेटवून झाली होती. महिनाभर ते रान तसंच पडून होतं. बायका आंब्याखाली बसल्या आणि सयाजीने ट्रॅक्टर चालू केला. मागचा माती फोडायचा रोटर खाली टाकला. आंब्याला लागून पहिला पट्टा धरला. अशी घरघर सुरू झाली की हातातल्या ताटल्या थरथरायला लागल्या. लाल धूळ उठून भाकरीवर आली. बायकांनी भाकरी पदराखाली झाकल्या.

"मुद्दाम करतोय मेला!" प्राची ओरडली, पण ते तोंड हलण्यावरूनच कळलं.

सुवार्ता गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज आईसारखाच बारीक. शाळेतल्या वाचनालयात सगळं आयुष्य तिने इतरांना हळू बोला म्हणून सांगितलं होतं. तिने विहिरीपासून सुरुवात केली. दोन उपकार झाले, तीन झाले. ट्रॅक्टर शेवटापर्यंत जाऊन वळला, परत आला. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. चिमाबाईने कानामागे हात धरला, मग दोन्ही हात झटकले.

"ऐकू न्हाई आलं!" ती ओरडली. "माझं नाव घेतलं का न्हाई, काय कळंना! परत घे! पयल्यापास्नं!"

सुवार्ता पहिल्यापासून सुरू झाली. मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. आवाज घशात खरवडला. विहिरीला पाणी आहे, तुझे उपकार! ऊन आहे, तुझे उपकार! प्राचीचं बाळ, तुझे उपकार! नाव घेतलं की ती बाई मान हलवायची, पोचलं म्हणून. धूळ तिच्या दातांत आली. ती थुंकली आणि पुढचं नाव घेतलं. अंजनाचं नाव घेताना ती अडकली नाही. चिमाबाईचं नाव तिने असं घेतलं की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले. अकरा झाली. ट्रॅक्टर जवळ आला, अंगावर आल्यासारखा आला. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुळीचं की कशाचं, तिचं तिलाही कळत नव्हतं. तिने डोळे मिटले. ऑगस्टपासून पहिल्यांदा मिटले.

"आणि रिबकाबाई!" ती ओरडली. "सत्तावन्न वर्षं दिलीस!"

आंब्यापाशी वळणावर सयाजीने रोटर उचलला, रेस कमी केली. घरघर एकदम बसली. शिवारात दुसरा आवाज उरला नाही.

"कमी दिलीस!" सुवार्ताचा आवाज उघड्या रानात घुमला. विहिरीपर्यंत गेला, पलीकडच्या उसापर्यंत गेला. "लई कमी दिलीस! पण दिलीस! तुझे उपकार!"

सयाजी स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. बायका बसल्या होत्या. आता सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं आणि ओरडायची काही गरज उरली नव्हती.

सुवार्ताने आवाज खाली आणला नाही.